व्हेनांसीचं बाळ

१३ जानेवारी २०२५, सोमवार

खोली मिळाली. खिडकी नीट लागत नाही, नळाला पाणी नाही आणि दारावर पाटी आहे : "निवासी संशोधक, क्रमांक ३". ही खोली मी ओळखते. तेरा वर्षांची असताना मला गोवर झाला, तेव्हा सिस्टर फ्रान्सिस्काने मला इथेच निजवलं होतं. तेव्हा हिला आजारी मुलींची खोली म्हणत. सिस्टर मंडळी गेली, शाळा गेली, शेजारच्या स्मृतिसंग्रहालयाने इमारत घेतली. आमच्या जेवणघराला आता "विचारमंथन कक्ष" म्हणतात. तिथे लॅटिनचे धडे पाठ झाले नाहीत तर आम्ही उपाशी राहत असू. मंथन वगैरे काही होत नसे.

फेलोशिपचं हे पहिलंच वर्ष. वंशसंहारावर काम करणारे चार संशोधक, तीन महिने मुक्काम, राहणं-जेवण संग्रहालयाचं. तिघांना डॉक्टरेट आहे. चौथी मी, बहात्तर वर्षांची निवृत्त मुख्याध्यापिका, "स्थानिक जागेवर". संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. कायितारे स्वागताच्या भाषणात म्हणाले, "गोदेलिव्हबाईंच्या अनुभवाचा आम्हाला लाभ होईल." म्हातारी म्हणायचं नसलं की अनुभव म्हणतात, एवढं मला कळतं.

अर्जात मी विषय लिहिला होता : ‘नामकरणाआधी मारल्या गेलेल्या अर्भकांची स्मारकांवरील नोंद’. भारदस्त आहे. खरं काय ते इथे लिहिते, कारण ही वही कोणी वाचणार नाही. संग्रहालयाच्या मागे दगडी भिंत उभी राहते आहे. आमच्या भागातल्या मेलेल्यांची नावं एप्रिलच्या आत तिच्यावर कोरायची आहेत. मेलेल्यांची नव्हे, मारलेल्यांची. माझी धाकटी बहीण व्हेनांसी त्या भिंतीवर येईल. तिचा नवरा रुगेमा येईल. त्यांचं बाळ येणार नाही, कारण त्याला नाव नव्हतं. चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये ते जन्मलं आणि त्याच एप्रिलमध्ये गेलं. मी त्याला भिंतीवर आणायला आले आहे. बाकी सगळं संशोधन.

१६ जानेवारी, गुरुवार

पहिली बैठक.

"ज्याला नाव, त्याला दगड," कायितारे म्हणाले. "नावच नसेल तर कारागिराने कोरायचं काय, बाई?"

"आईचं नाव कोरताना त्याचा हात दुखत नाही. बाळाच्या वेळीच का दुखतो?"

"समितीचा नियम आहे."

"समितीत बाळंत झालेलं कोण आहे?"

बेल्जियमचे प्राध्यापक हसले आणि मग खोकला आल्याचं दाखवायला लागले. कायितारे हसले नाहीत. ते टेबलावरचं पेन सरळ करत बसले.

व्हेनांसीचं नाव मी काढलं नाही. स्वतःचं रडगाणं घेऊन आली असं कोणी म्हणायला नको. बैठकीनंतर खोलीत आले तर टेबलावर चहाचा थर्मास. कायितारे ठेवून गेले म्हणे. बिनदुधाचा, मला लागतो तसा. कोणाला विचारलं असेल कोण जाणे. म्हातारीला चहा पाजला की गप्प बसेल असा हिशेब असणार.

इथे माझ्याबद्दल म्हणतात, बाई सगळ्यांना नावं ठेवतात. ठेवते. ज्याला ठेवायला हवं होतं त्याला ठेवलं गेलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

शेजारच्या खोलीत एल्फ्रीडे आहे. नामिबियाची. पस्तिशीची, अनवाणी फिरते, दार न वाजवता आत येते आणि माझ्या पलंगावर मांडी घालून बसते. तिच्या खापरपणजीच्या लोकांना जर्मनांनी वाळवंटात हाकलून मारलं, त्याला शंभरावर वर्षं झाली. इथे ती आमच्या टेकड्यांवर फिरते. चौऱ्याण्णवमध्ये जी लहान मुलं होती त्यांना गाठते आणि शेजारच्या घरात काय काय दिसलं ते विचारते. कायितारे तिचे दुभाषे.

"तुमच्या भिंतीचा मला हेवा वाटतो," ती म्हणाली. "आमच्या लोकांच्या कवट्या जर्मनीत कपाटात होत्या. त्यांच्यावर आकडे घातलेले. नावाची भानगडच नाही."

मग का कोण जाणे, मी तिला बाळाबद्दल सांगितलं.

"मुलगा की मुलगी?"

"माहीत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. यात असं बघण्यासारखं काय आहे? मी तेव्हा सीमेपलीकडे बुजुंबुराला शिकवत होते. गावच्या पॅरिशमधून, म्हणजे चर्चमधून, फोन आला, "बाळ-बाळंतीण सुखरूप," आणि लाइन गेली. ती परत आलीच नाही. पुढे सांगणारं कोणी उरलं नाही.

"मग तुम्हीच द्या ना एखादं नाव. दुसरं आहे कोण?"

"नाव बाप ठेवतो. मेलेल्या माणसाच्या तोंडात मी माझे शब्द कोंबू?"

"इतकं रागावू नका, बाई."

"हा राग नाही. ही माझी बोलायची पद्धत आहे."

"माझ्या आजीचीही हीच पद्धत होती," ती म्हणाली. "आम्ही तिला राग म्हणायचो."

आगाऊ आहे. तिच्या कपाला टवका गेला आहे, उद्या माझ्याकडचा एक देऊन टाकते.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला गेले होते. एकमेकांचा हात हातात घेऊन शांती द्यायची वेळ आली आणि पुढच्या बाकावरची बाई मागे वळली. बेआता. बिझिमानाची मुलगी. बिझिमाना म्हणजे व्हेनांसीच्या कुंपणापलीकडचा शेजारी. गावकीच्या न्यायालयात त्याने रुगेमाला मारल्याचं कबूल केलं आणि पुढे तुरुंगातच मेला. बेआताने हात पुढे केला. मी रुमाल काढून नाक शिंकरलं. सर्दी नव्हती.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती हे मला माहीत आहे. मला कोणी सांगायला नको. पण हात बापाचा आहे, तसाच रुंद.

पाद्र्याने क्षमेवर प्रवचन दिलं. त्याचं वय असेल अठ्ठावीस.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी अभिलेखागारात बसले होते. एल्फ्रीडे कागद घेऊन आली.

"बाई, हे जरा वाचा. मला हे वाचून जेवण गेलं नाही."

कायितारेंनी केलेला एका मुलाखतीचा अनुवाद होता. साक्षीदाराचं नाव खोडलेलं. मजकूर असा : "आमच्याकडे ते सगळं सुरू व्हायच्या जरा आधी मला शेजारच्या घरी बोलावलं. हातात कुदळ देऊन अंगण खणायला लावलं. अंगावर पाणी फेकलं. मग आत नेऊन त्यांच्या बाळाची विष्ठा खायला दिली. आम्ही चार-पाच मुलं होतो. सगळ्यांनी खाल्ली." खाली टीप : "बालकांचा छळ? की साक्षीदार भ्रमिष्ट? पडताळणे."

मी हसायला लागले. किती वर्षांत अशी हसले नव्हते. टेबल हललं. पलीकडचे बेल्जियन प्राध्यापक चष्मा काढून बघायला लागले.

"अगं, छळ कसला! बारसं आहे हे, बारसं!"

"विष्ठा?"

"उबुन्यानो. शब्द तोच आहे, बाळाची शी. ताटात असतो घेवडा आणि पाला. आठव्या दिवशी शेजारपाजारची पोरं बोलवायची. त्यांच्या हातात कुदळ द्यायची, अंगण उकरायला लावायचं. मग वरून पाणी शिंपडून ओरडायचं, पाऊस आला, पळा! पोरं आत पळतात, हात धुतात, जेवतात. आणि जेवलेल्या प्रत्येकाने बाळाला एक नाव द्यायचं. पोरं काय, वाट्टेल ती नावं देतात. खरं नाव बाप रात्री ठेवतो."

"पण शीच का?"

"ज्यांची शी काढायला लाज वाटत नाही, ती माणसं आपली. ज्याची खाल्ली ते बाळ तर मग काय, अख्ख्या आळीचं."

एल्फ्रीडेही हसायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं तुम्हाला विचारलं. मी त्या रुगेमा मास्तरांच्या घराला राक्षसांचं घर ठरवून मोकळी झाले होते."

"कोणाच्या?"

तिने तोंडावर हात ठेवला. "ते नाव खोडायचं राहिलं वाटतं."

कागदाच्या मागच्या बाजूला होतं. रुगेमा मास्तरांच्या घरी.

मी कागद तिच्या हातात दिला आणि खोलीत आले. खिडकी लावायचा प्रयत्न केला. लागली नाही.

नाव ठेवलं होतं म्हणजे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कायितारेंना गाठलं.

"डॉक्टर, तुमच्या बारशाला कोणी जेवलं नव्हतं का हो?"

"मी युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलो, बाई," ते म्हणाले. "तिथे नाव लिहून घेणारा एक कारकून होता. जेवण नव्हतं."

मी बारशाचं सगळं समजावून सांगितलं, टोमणा न मारता. असं माझं क्वचित होतं.

त्यांनी ती टीप माझ्यासमोर खोडली. लेखाचा मसुदा तयार होता म्हणे, तोही फाडला. मग विचारलं, "हे रुगेमा मास्तर म्हणजे..."

"म्हणजे रुगेमा मास्तर."

पुढे त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी पुन्हा थर्मास. चिकट माणूस आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

साक्षीदार कोण ते मला कळलं आहे. त्या कुंपणाशेजारी मुलं असलेलं एकच घर होतं, आणि त्या घरातली एकच मुलगी आज या भागात राहते.

मी जाणार नाही. त्या अंगणात पाय ठेवणार नाही. तिच्याकडून काही मागणार नाही, पाणीसुद्धा नाही.

एवढी वर्षं मी धरून चालले होते की नाव नव्हतंच. जे नव्हतं ते हरवत नाही, आणि त्यात एक प्रकारची शांतता होती. आता ते आहे. आणि आहे कुठे, तर बिझिमानाच्या मुलीच्या डोक्यात! देवाला थट्टेची फार हौस. आज जपमाळ हातात घेतली आणि परत खिळ्याला लावली.

एल्फ्रीडे म्हणाली, "मार्चच्या मध्यानंतर कारागीर तुमच्या भागाच्या ओळी घेणार आहे."

"मला कॅलेंडर वाचता येतं."

"मी बरोबर येऊ?"

"येऊन काय करशील? तुला भाषा येत नाही."

"म्हणूनच येते."

९ मार्च, रविवार

जाऊन आले. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मीच त्यात भर घालेन.

दोन मोटारसायकली केल्या, एक तिला, एक मला. व्हेनांसीचं घर आता नाही. तिथे निलगिरीची झाडं आहेत, उंच वाढलेली. बेआता तिच्या अंगणात चटईवर ज्वारी वाळत घालत होती. मला पाहून उभी राहिली, हात कमरेच्या कापडाला पुसले, आणि हात पुढे केला नाही. शिकली म्हणायची.

तिने बाक आणून ठेवला. ज्वारीची दारू आणली.

"नको."

"पाणी तरी, बाई?"

"नको."

एल्फ्रीडेने दोन पेले घेतले. तिला कुठे काय माहीत.

"तू रुगेमा मास्तरांकडे उबुन्यानो खाल्लंस?" मी विचारलं.

"हो, बाई."

"त्या दिवसांत? लोक दाराबाहेर पडत नव्हते."

"मास्तर म्हणाले, आपल्याकडे काही होणार नाही. पोरं फार आली नाहीत. आम्ही पाच होतो, त्यात दोन माझे भाऊ."

"नाव काय ठेवलं?"

ती चटईवरचे खडे वेचत राहिली. मी थांबले. थांबणं माझ्या स्वभावात नाही, तरी थांबले.

"मास्तरांनी ठेवलेलं मला ठाऊक नाही. ते रात्री ठेवतात ना. आम्ही पोरं घरी गेलो होतो."

मला वाटलं, उठावं. एवढ्यासाठी आले.

"आम्ही दिलेली ठाऊक आहेत," ती म्हणाली. "मोठ्या भावाने ‘जनरल’ दिलं. धाकट्याने कुठल्या तरी फुटबॉलवाल्याचं. माझ्या तोंडात घास होता. मास्तर म्हणाले, बेआता, तुझं राहिलं. मला काही सुचेना, तोंडात होतं तेच सांगितलं. मुशोगोरो."

मुशोगोरो म्हणजे घेवड्याच्या पाल्याची भाजी.

"सगळे हसले, बाई. व्हेनांसीताई तर पोट धरून हसल्या. म्हणाल्या, पोरी, हसवू नको गं, टाके तुटतील माझे."

व्हेनांसीला टाके पडले होते. हे मला माहीत नव्हतं.

"मग दोन दिवस कुंपणापलीकडून तेच ऐकू यायचं. मुशोगोरो, उठलीस का? मुशोगोरो, किती रडशील गं?"

"काय म्हणायची?"

"किती रडशील गं."

"गं?"

बेआताने वर पाहिलं. "मुलगी होती, बाई. तुम्हाला..." आणि ती थांबली. एल्फ्रीडेला एक अक्षर कळलेलं नव्हतं, पण तिने माझं कोपर धरलं होतं. कधीपासून, ते मला सांगता येत नाही.

नंतरचं बेआता खाली बघून बोलली. "तिसऱ्या दिवशी बाबा संध्याकाळी घरी आले. मी विचारलं, मुशोगोरो कुठे आहे? आईने थोबाडीत मारली. बाबा काहीच बोलले नाहीत. पुढे तुरुंगात मी त्यांना जेवण घेऊन जायचे, तिथेही विचारायचे. ते मरेपर्यंत विचारलं, बाई. नाही सांगितलं."

"न्यायालयात का बोलली नाहीस?"

"मला कोणी विचारलं नाही. बाबांना मास्तरांचं विचारलं, ताईंचं विचारलं. बाळाचं कोणी काढलंच नाही. मला वाटायचं, तुम्ही विचाराल."

मी काय विचारणार होते, आणि तिला?

मग ती म्हणाली, "भिंतीसाठी नाव हवंय ना? तुम्ही म्हणाल ते नाव मी सांगते. मास्तरांच्या तोंडून ऐकलं असं सांगते. शपथेवर."

"खोटं?"

"तिच्यासाठी."

"तुझ्या खोट्यावर तिला दगडात बसवायची आम्हाला गरज नाही," मी म्हटलं. अगदी बरोबर बोलले. बेआताने मान हलवली आणि पेले उचलायला लागली. एल्फ्रीडेने मला विचारलं, काय म्हणालात? मी सांगितलं नाही.

उठताना गुडघ्यात कळ आली. बेआताने माझा हात धरला. सोडवून घ्यायला वेळ लागला.

१० मार्च, सोमवार

मुलगी.

१४ मार्च, शुक्रवार

कायितारेंना सगळं सांगितलं. व्हेनांसी माझी बहीण हेही.

"मला माहीत होतं, बाई."

"कधीपासून?"

"तुमचा अर्ज आला तेव्हापासून. इथे कोण कोणाची बहीण ते दारवानसुद्धा सांगतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

 मग मी बेआताने सांगितलेलं नाव सांगितलं आणि त्यांचा चेहराच पालटला. खुर्चीच्या कडेवर येऊन बसले.

"मुशोगोरो चालेल! साक्षीदार आहे, ऐकलेलं आहे, समितीला मी पटवतो. बाई, हे नाव वाचून माणूस जागच्या जागी थबकेल. शाळेच्या सहली येतात, परदेशी लोक येतात. हेडफोनवर ती जेवणाची गोष्ट ऐकवली तर..."

"नाही."

"नाही म्हणजे? तुम्ही तर नावासाठीच आलात!"

"ते घरातलं नाव आहे. बाळंतिणीने हाक मारायचं. हेडफोनवरचं नाही."

"मग कोरायचं काय?"

"व्हेनांसी मुकानकुसी आणि तिची मुलगी."

"नियम असा आहे की..."

"बापाने तिला नाव ठेवलं होतं, डॉक्टर. एक अख्खी रात्र बसून ठेवलं असेल. रुगेमा तसाच होता, एका शब्दाला दहा वेळा तपासायचा. ते नाव आपल्याला कळलं नाही, यात तिचा काय दोष? नियम आपल्याला लावा, तिला लावू नका."

 त्यांनी पेन सरळ करायच्या ऐवजी उचललं आणि मी बोलले ते लिहून घेतलं. माझ्या वाक्यात त्यांनी व्याकरणाची एक चूक केली. मी दाखवली नाही.

१८ मार्च, मंगळवार

समितीने मानलं. एकही बाळंत झालेलं नव्हतं, तरी मानलं.

बातमी आमच्या आधी टेकडी उतरली. दुपारपासून दारात बायका. कोणाची सून, कोणाची जाऊ. "आमचंही होतं बाई, आठ दिवसांच्या आतलं." बसून एकेकीचं ऐकलं. शेवटची म्हातारी बराच वेळ कोपऱ्यात बसून होती. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "मुलगा की मुलगी ते ठाऊक नसलं तर काय लिहायचं, मास्तरीणबाई?"

 तिला चहा दिला. थर्मासमधला.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी कारागीर आमच्या ओळींवर आला. मी आणि एल्फ्रीडे उभ्या होतो. आधी रुगेमा झाला, मग व्हेनांसी.

फाटकाशी बेआता उभी होती. उन्हात. तिला कोणी कळवलं होतं, मला माहीत नाही. मी एल्फ्रीडेला म्हटलं, "तिकडे तापत उभं राहून तिला काय मिळणार आहे? इकडे सावली आहे म्हणावं."

"तुम्हीच सांगा की."

"मी छिन्नीकडे लक्ष ठेवते आहे. एक अक्षर चुकलं तर?"

एल्फ्रीडे गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली. एकीला दुसरीची भाषा येत नाही, पण दोघी येताना काहीतरी बोलत होत्या. आम्ही तिघी उभ्या राहिलो. कारागिराने शेवटचं अक्षर संपवलं आणि फुंकर मारून धूळ उडवली. बेआताच्या अंगावर उडाली. तिने ती झटकली नाही.

मी वाचून पाहिलं. बरोबर होतं.

एल्फ्रीडे परवा जाते. राहिलेला कप अखेर तिला देऊन टाकला. एकटा कप कशाला ठेवायचा, म्हणून दुसराही दिला.

५ एप्रिल, शनिवार

घरी आले. फेलोशिप संपली. अंगणात गवत माजलं आहे. परवापासून शोकाचा आठवडा.

एवढी वर्षं ते बाळ तेवढंच होतं. मांडीवर मावेल एवढं, कापडात गुंडाळलेलं. त्याला चेहरा नव्हता, त्यामुळे त्रासही नव्हता. आता ती वाढायला लागली आहे आणि मला ते थांबवता येत नाही. गेल्या आठवड्यात तिला शाळेत घातलं. तिचं अक्षर वाईट आहे. परवा तिला ताप आला, मग ती माझ्यासारखी उंच झाली, मग कॉलेजला गेली. काल सकाळी भाजी चिरता चिरता आमचं दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, आणि नंतर आठवेना की कशावरून. एकतीस वर्षांची होईल ती या महिन्यात. मी शिकवलेल्या मुलींमध्ये या वयाच्या किती आहेत, आजवर कधी त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. आता रस्त्यात दिसल्या की चालण्याकडे बघते, कपाळाकडे बघते. लोकांना वाटत असेल, म्हातारी भ्रमिष्ट झाली.

आज दवाखान्यात गुडघ्याच्या गोळ्या आणायला गेले. खिडकीपाशी ही लांब रांग. माझा नंबर आला आणि एक तिशीतली बाई पाठीवर पोर बांधलेली, सरळ माझ्यापुढे घुसली. एरवी मी सोडलं नसतं. सगळ्या रांगेला ऐकू गेलं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा होतं.

ती मागे वळली. "माफ करा हं, मावशी. पोराला फार ताप आहे."

"जा गं," मी म्हटलं. "पुढे हो."